सोवळ्यातली सुट्टी

धारवाडच्या सप्तापुरात, निदान त्या एका गल्लीपुरतं तरी, दीपश्री टीचरना विचारल्याशिवाय कुणी आपल्या पोराला बर्फाचा गोळा घेऊन देत नसे. थोडं वाढवून सांगितलंय, पण फार नाही. बाई हायस्कुलात विज्ञान शिकवायची. शाळेत कन्नड, घरी मराठी, त्यामुळं सल्ला दोन्ही भाषांत मिळायचा. ताप साधा की डासांचा, पाणी किती उकळायचं, शेंगदाण्याची चिक्की खोकल्यात चालते का, सगळ्या चौकश्या तिच्या फाटकाशी येऊन थांबायच्या. आणि तीही कुणाला 'मला काय माहीत' म्हणून परत पाठवायची नाही. तिचा तो गुण म्हणा नाहीतर खोड म्हणा.

स्वभावानं ती ताकही फुंकून पिणारी. पण त्याला कारण होतं. तिचा मुलगा श्रीहरी, घरात नुसता हरी, दहा वर्षांचा आणि लहानपणापासून दमेकरी. थंडीत, धुळीत, कुणी शेजारी मिरच्या भाजल्या तरी त्याच्या छातीत शिट्टी वाजायला लागे. ती शिट्टी दीपश्रीला स्वयंपाकघरात, नळ चालू असतानाही ऐकू यायची. मग जगात कोरोना नावाचा छातीचाच रोग आला, तेव्हा या बाईचं काय झालं असेल ते सांगायला नको. वर्षभर तिनं पोराला उंबऱ्याबाहेर जाऊ दिलं नाही. शाळा फोनवर, वाढदिवस फोनवर, मित्रही फोनवर. पोरगं पांढरंफटक पडलं, अंगानं सुटलं, आणि जिना चढताना धापा टाकायला लागलं.

त्यातच दुसरा उन्हाळा आला. फेब्रुवारीत आकडे उतरले तेव्हा लोकांना वाटलं, सुटलो. लग्नं झाली, जेवणावळी उठल्या. पाडवा जवळ आला तसे आकडे पुन्हा चढायला लागले, आणि नेमकी तेव्हाच पोरांना सुट्टी लागली. गल्लीतल्या प्रत्येक घरात एकच वाद होता. पोराला कोंडून ठेवायचं तर ते वेडं होतंय, आणि सोडायचं तर कुठं सोडायचं?

दीपश्रीच्या घरी हा वाद जेवताना निघाला. नवरा जयतीर्थ वकील. कोर्टात जेवढा बोलायचा तेवढा घरी बोलत नसे, पण त्या दिवशी बोलला.

"हरीला पोहायला घालू," तो म्हणाला. "रायापूरला बाबू म्हणून एक शेतकरी त्याच्या शेतातल्या विहिरीत पोरांना शिकवतोय. मी बघून आलोय."

"विहिरीत?"

"डॉक्टर काय म्हणाले होते? पोहण्यानं छाती भरते."

"ते हा रोग यायच्या आधी म्हणाले होते."

"उघड्यावर आहे अगं. वर आभाळ, चारी बाजूंनी शेत. वाऱ्याला कुठं अडकायला जागा नाही."

"आणि पोरं? कोण कुठल्या घरचं, कुणाचा बाप कुठं कामाला जातो, काही पत्ता आहे? सगळी एकाच पाण्यात उड्या मारणार, तेच पाणी तोंडात घेऊन एकमेकांवर उडवणार. बाबू काठावर तंबाखू थुंकणार."

"पाण्यातनं येत नाही म्हणतात हा."

"म्हणतात. म्हणणाऱ्याच्या पोराला दमा नसतो."

वकिलानं विषय तिथंच सोडला. हरी ताटातला भात चिवडत दोघांकडं आळीपाळीनं बघत होता. त्याला कुणी काही विचारलं नाही.

खरं सांगायचं तर दीपश्रीला भीती पाण्याची नव्हती, अनोळखी माणसांची होती. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण काही पोरांपुरती नाही. त्या दिवसांत लोक रोगाच्या बाबतीतही तसेच वागत होते. रोग म्हणजे बाजारातला, बसमधला, कुणातरी परक्याच्या अंगावरचा. आपल्यातल्या माणसाच्या तोंडातून तो येईल, असं कुणाच्या मनातही येत नव्हतं. शिकलेल्यांच्याही नाही, आणि दीपश्रीच्या तर नाहीच.

मागच्याच गल्लीत बाळाचार्य राहायचे. वृद्ध, विधुर, आवाज असा की समोरच्या रस्त्यावर रिक्षावाला थांबून ऐकायचा. दर उन्हाळ्यात ते पोरांचा पाठांतराचा वर्ग घ्यायचे. सकाळी दोन तास स्तोत्रं, थोडं संस्कृत, शेवटी प्रसाद. फी नाही. एकच अट, सोवळं पाळायचं. धारवाडकडं त्याला मडीही म्हणतात. अंघोळ करून यायचं, फाटकातल्या नळावर पुन्हा हातपाय धुवायचे, बाहेरचा शर्ट ओसरीत खुंटीला अडकवायचा, तिथंच वाळत घातलेला धूतवस्त्राचा पंचा गुंडाळायचा आणि मग आत. आत कुणी कुणाला शिवायचं नाही.

दीपश्री स्वतः असल्याच घरात वाढलेली. आईनं मडीत स्वयंपाक करायचा आणि पोरांनी दाराबाहेर उभं राहून वास घ्यायचा, हे तिच्या हाडात मुरलेलं. कॉलेजात गेल्यावर तिनं त्याची टिंगलही केली होती. पण कोरोना आल्यावर जो तो म्हणायला लागला, बघा, आपल्या पणज्यांना न शिकता कळलं होतं. हात धुवा, शिवू नका, बाहेरचं बाहेर ठेवा. तिलाही ते पटलं. वर्गात मुलींना तिनं तसं सांगितलंही होतं.

वर्गाच्या पहिल्या दिवशी ती हरीला घेऊन स्वतः गेली. चोख बंदोबस्त बघून तिचा जीव भांड्यात पडला. पोरं हातभर अंतरावर बसलेली. आचार्य कुणाच्या जवळ जात नव्हते. शेवटी प्रसाद कसा देता, म्हणून तिनं विचारलं, तर म्हणाले, "वरून टाकतो. चाळीस वर्षं वरूनच टाकतोय. तुमच्या सरकारला आत्ता कळलं."

"आणि मास्क?" तिनं विचारलं.

"ते बाहेरचं फडकं," आचार्य शांतपणे म्हणाले, "दहा ठिकाणचा हात लागलेलं. ते तोंडाला बांधून देवाचं नाव घ्यायचं? ओवळं ते. शर्टाबरोबर खुंटीला राहू दे."

तिला त्यात तर्क दिसला. बाहेरून मळून आलेला मास्क आत नेण्यात काय शहाणपण? तिनं हरीला बाजूला घेतलं. "आत जाताना मास्क काढून ठेव. आचार्य सांगतील तसं वाग. उलट बोलायचं नाही."

हरीनं मान हलवली. आईच्या दहावीच्या ऑनलाइन तासाची वेळ झाली होती, ती निघाली. त्यामुळं पुढचं तिनं बघितलं नाही. ती गेल्यावर रस्त्याकडच्या खिडक्या लागल्या, कचऱ्याच्या गाडीचं गाणं स्तोत्रात मिसळू नये म्हणून. पंखा तर लावतच नसत, समई विझते. आणि त्या बंद खोलीत वीस पोरं पोटातून आवाज काढून म्हणायला लागली. आता बघा, विज्ञानाची टीचर ही, नववीला श्वसनाचा धडा शिकवणारी. रोग हातातून येतो की श्वासातून, हे तिला विचारलं असतं तर तिनं फळ्यावर आकृती काढून दाखवलं असतं. पण सोवळं दिसलं आणि बाईच्या डोक्यातला फळा पुसला गेला.

त्याच संध्याकाळी शेजारची सविता मधल्या कंपाऊंडच्या भिंतीशी आली. सविताचा नवरा संजीव युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात कारकून, मुलगा निखिल हरीच्याच वयाचा.

"अक्का, हरीला आचार्यांकडं पाठवलात म्हणे?"

"हो ग."

"मी निखिलला कुठंच सोडलं नव्हतं. पण तुम्ही पाठवताय म्हटल्यावर..." ती थांबली. "पाठवू?"

"निर्धास्त पाठव," दीपश्री म्हणाली. "तिथल्यासारखी काळजी दवाखान्यातसुद्धा घेत नाहीत."

वर्ग सुरू झाला. हरी रोज सकाळी उड्या मारत जायचा, उन्हं चढल्यावर घामेजून यायचा. वर्षभरानं पोराच्या गालावर रंग दिसायला लागला. धाप कमी झाली. दीपश्री नवऱ्याकडं बघून हसायची, बघा, विहीर लागली का? जयतीर्थ पेपर वाचत राहायचा. पेपरात बातम्या रोज वाईट होत चालल्या होत्या. बेंगळूरूत खाटा मिळेनात, हुबळीतही तसंच होऊ लागलं. रात्रीची संचारबंदी आली. दीपश्रीनं दूधवाल्याला फाटकाबाहेर उभं केलं, भाजी मिठाच्या पाण्यात बुडवली, मोलकरणीला पगारी रजा दिली. वर्ग तेवढा चालू ठेवला. गल्लीतल्या दोघी-तिघींनी विचारलं, त्यांनाही तिनं तेच सांगितलं.

एका दुपारी हरी जेवताना म्हणाला, "आचार्यांचा आवाज बसलाय."

"रोज एवढं म्हणतात, बसणारच." तिनं ज्येष्ठमधाचा तुकडा पुडीत बांधून दिला.

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "दिलास का?"

"दिला. ते खोकतायत."

खोकतायत. तिचा हात पोळपाटावर थांबला. पण खोकला काय, उन्हाळ्यात धुळीनंही येतो, म्हातारपणानंही येतो. आणि आचार्य तर कुठं बाहेर जातच नाहीत, परक्याच्या हातचं पाणीसुद्धा घेत नाहीत, त्यांना कुठून येणार? तिनं स्वतःची समजूत काढली. अशा समजुती काढायला शिक्षण फार उपयोगी पडतं.

त्याच्या पुढच्या सकाळी हरी अर्ध्या तासात परत आला. आचार्यांना ताप होता. पुतण्या गाडी घेऊन आला होता, त्यांना दवाखान्यात नेलं. वर्ग बंद.

दीपश्रीनं हरीला दारातच थांबवलं, मग लगेच वाटलं, हे काय करतेय मी, आणि हाताला धरून आत घेतलं. अंगाला हात लावून बघितला. गार होतं. पुन्हा बघितला. संध्याकाळपर्यंत कळलं की आचार्यांना तोच रोग आहे. पाडव्याला पुतण्या सहकुटुंब जेवून गेला होता. सोवळ्यातच जेवला होता.

मग वाट बघणं सुरू झालं. ज्यांनी ती वाट बघितली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. हरीला माडीवरच्या खोलीत ठेवलं, आणि एकटा कसा ठेवायचा म्हणून दीपश्री त्याच्याबरोबर राहिली. जयतीर्थ खाली स्वयंपाक करायचा, जिन्यावर ताट ठेवायचा. दर तासाला ती पोराच्या बोटाला ऑक्सिमीटर लावायची. आकडा चांगला असला की यंत्रावर शंका घ्यायची आणि स्वतःच्या बोटाला लावून बघायची. दुपारी तो पालथा झोपला की हळूच पाठीला कान लावायची. शिट्टी ऐकू येते का? येत नसली तर कान नीट लागला नाही असं वाटायचं. एकदा तो जागाच होता.

"आई, मला काही होत नाहीय," तो म्हणाला.

"तुला काय कळतंय."

"मला कळतं की. माझीच छाती आहे."

तिनं त्याच्या अंगावर पांघरूण ओढलं.

नाकातला नमुना देऊन आले होते, त्याचा निरोप येईना. जयतीर्थ खालून फोन करायचा, 'कसा आहे?' एवढंच विचारायचा. विहिरीबद्दल त्यानं एक अवाक्षर काढलं नाही. त्यानं काढावं, भांडावं, 'मी सांगत होतो' म्हणावं, असं तिला फार वाटायचं. तो म्हणाला नाही, आणि तिला तेच सहन होईना.

शेवटी निरोप आला. हरीला रोग नव्हता. तिनं तो फोनवर दोनदा नीट वाचला, नाव बघितलं, वय बघितलं, आणि जिन्यात बसून रडली. देवाचे आभार मानले. आणि हो, सोवळ्याचेही मानले. तिला वाटलं, बघा, हातभर अंतर ठेवल्याचा उपयोग झाला.

हा आनंद दुपारपर्यंत टिकला. दुपारी एकेक घर कळायला लागलं. वर्गातल्या बहुतेक पोरांना लागण झाली होती. पोरांना जेमतेम कणकण, पण पोरांमागून घरची माणसं आडवी होत होती. निखिलला दोन दिवस ताप येऊन गेला. संजीवचा ताप उतरलाच नाही. त्याला हुबळीला नेलं, आणि नेताना तो भिंतीचा आधार घेत घेत गाडीपर्यंत गेला, हे दीपश्रीनं माडीच्या खिडकीतून बघितलं.

संजीव वाचला, हे आत्ताच सांगून टाकायला हवं, नाहीतर पुढचं ऐकताना तुमचा जीव तिकडंच अडकून राहील. ऑक्सिजनवर बरेच दिवस काढून तो अर्धा होऊन घरी आला. बाळाचार्य मात्र परत आले नाहीत. पण हे सगळं नंतरचं. मी सांगतेय त्या दिवशी संजीव हुबळीत होता, आणि जगेल की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं.

सविता आणि निखिल घरात कोंडलेली. दीपश्री रोज दोन वेळचा डबा करून मधल्या भिंतीवर ठेवायची आणि लांब जाऊन उभी राहायची. सविता यायची, डबा घ्यायची, एखादा शब्द बोलायची. त्या दिवशी आली, पण डब्याला हात लावला नाही.

"निखिल एक सांगत होता, अक्का."

"काय ग?"

"तुमचा हरी आत बसायचाच नाही म्हणे. रोज बाहेर पायरीवर बसायचा. मास्क लावून."

दीपश्रीला आधी काही समजलंच नाही. "कोण, हरी?"

"पहिल्या दिवसापासून. बाकीच्यांचे मास्क खुंटीला, याचा तोंडाला. आचार्य त्याला आत घेत नव्हते, हा बाहेरूनच म्हणायचा. पोरं त्याला ओवळ्या ओवळ्या करून चिडवायची." सविताचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "तुम्ही सांगितलं होतंत ना त्याला?"

"नाही ग सविता. देवाशप्पथ नाही."

"मला म्हणालात निर्धास्त पाठव. आणि आपल्या लेकराला बाहेर बसवलंत." ती डबा तिथंच ठेवून आत गेली.

दीपश्री घरात आली तेव्हा हरी पाटावर बसून आंब्याची कोय चोखत होता. जयतीर्थ शेजारी फोडी करत होता.

"वर्गात तू कुठं बसायचास?" तिनं विचारलं.

पोरानं कोय ताटात ठेवली. आता मार बसणार, असा चेहरा झाला. "पायरीवर."

"का?"

"आत धूप घालतात. खिडक्या लावतात. पहिल्या दिवशीच छातीत शिट्टी वाजायला लागली. मग मी उठून मास्क लावला. आचार्य म्हणाले, हे लावायचं असेल तर बाहेर बस. मग मी बसलो." त्यानं जरा विचार केला. "बाहेर बरं होतं. वारा होता."

धूप. बंद खोली. शेजारी मिरच्या भाजल्या तर घराची दारं लावून घेणारी ही बाई, तिनं तिथं धूप घालतात का एवढंही विचारलं नव्हतं.

"आणि हे मला का नाही सांगितलंस?"

हरीनं बापाकडं बघितलं, मग खाली ताटाकडं. "तू म्हणाली असतीस, आचार्यांचं ऐक," तो म्हणाला. "मग मला आत बसावं लागलं असतं."

नाही रे, असं कसं म्हणेन मी, हे वाक्य तिच्या ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं. कारण ते खोटं होतं. तिला कळलं असतं तर ती त्याच दिवशी हात जोडून आचार्यांकडं गेली असती. पोराला आत घ्या, पायरीसमोरून सगळी गल्ली ये-जा करते, कोण कुठला माणूस खोकून जाईल, असं म्हणाली असती. मास्क स्वतःच्या हातानं काढून खुंटीला अडकवला असता. हे तिला स्वच्छ दिसलं. वर्षभर ज्या श्वासासाठी ती जागली, तो त्या पोरानं तिच्यापासून लपवून सांभाळला होता.

जयतीर्थनं सुरी खाली ठेवली. "सविताला जाऊन सांग."

"तिला खरं वाटणार नाही."

"नाही वाटणार. तरी सांग."

ती पुन्हा भिंतीशी गेली. डबा तसाच होता. तिनं दोनदा हाक मारली तेव्हा सविता दारात आली, तिथूनच उभी राहिली. डोळे सुजलेले होते, हातात फोन होता, हुबळीहून निरोप येईल म्हणून घट्ट धरलेला.

"मी त्याला बाहेर बस म्हणून सांगितलं नव्हतं," दीपश्री म्हणाली. "मी त्याला मास्क काढ म्हणून सांगितलं होतं. त्यानं माझं ऐकलं नाही. आणि मला सांगितलंही नाही, कारण सांगितलं असतं तर मी त्याला आत नेऊन बसवलं असतं. बसवलंच असतं, सविता."

स्वतःला वाचवायला माणूस खोटं बोलतो, स्वतःला इतकं लहान करायला कुणी बोलत नाही. ते सविताला कळलं असावं. ती पायऱ्या उतरून भिंतीपर्यंत आली.

"म्हणजे चूक माझीच झाली, अक्का," ती म्हणाली. "विचारायचंच होतं तर हरीला विचारायला हवं होतं."

तिनं डबा उचलला, आणि निखिलला जेवायला हाक मारत आत गेली.